सव्वा इंच

टेप थंड होती आणि न विचारता आली. दुकानातल्या मुलीनं मागून दोन्ही हात पुढे आणून ती म्हातारीच्या छातीभोवती वेढली, टोकं जुळवली, मध्ये एक बोट सरकवलं आणि आकडा वाचला. सगळं अगदी सहज, खांबाला दोरी बांधावी तसं. पण तिच्या अंगातून मानेपासून टाचेपर्यंत काहीतरी सर्रकन गेलं आणि ती एक पाऊल पुढे सरली. टेप मुलीच्या हातून सुटून जमिनीवर पडली. "गुदगुल्या झाल्या का आजी?" मुलगी हसत म्हणाली. "नाही ग. सवय नाही." "माप द्यायची?" "हात लागायची. या दुकानात." म्हाताऱ्या माणसांच्या विनोदाला हसतात तशी मुलगी हसली आणि टेप उचलायला वाकली. वाकताना तिच्या पाठीवरची शिवण ताणली गेली. एक्क्याऐंशी वर्षांच्या डोळ्यांनी, मोतीबिंदू काढलेल्या एका आणि न काढलेल्या दुसऱ्या, लगेच नोंद केली : पाठ साडेतेरा, पोरीनं तयार कपडा घेतलाय, तेरात कोंबलंय स्वतःला. डोळे ऐकत नाहीत. रिक्षात, दवाखान्याच्या बाकावर, मयतीलासुद्धा ते आपले खांदे मोजत बसतात. आख्ख्या वस्तीत तिला मापवाली म्हणत, आणि अजून म्हणतात, जरी वस्तीत आता कुणी कपडे शिवून घेत नाही.

जुन्या राज्यात मापवाली अकरा वर्षं या खोलीत उभी होती. इथेच, या पितळी पट्टीच्या अलीकडे. पट्टी अजून जमिनीत होती, घासून चकचकीत केलेली, जशी काही शोभेलाच बसवलीय. त्या काळी शहराच्या मधून कालवा जायचा तसा या खोलीच्या मधून ती पट्टी जायची. कालव्याच्या या अंगाचे लोक वेगळे, त्या अंगाचे वेगळे. त्या अंगाच्यांनी सकाळी पूल ओलांडून यायचं, पुलावर गार्डाला पास दाखवायचा, दिवसभर या अंगाची धुणी, भांडी, शिवण, लोहारकाम, लेकरं सांभाळायची आणि दिवेलागणीच्या आत परत जायचं. नळ वेगळा, दार वेगळं, बाक वेगळा. कायद्यात कलमं किती होती ते तिला कधी कळलं नाही. तिला लागू असलेलं एक कलम मात्र तोंडपाठ होतं : कापडाला हात लावायचा, गिऱ्हाइकाला नाही. तिनं शिवलेला ब्लाउज त्यांच्या कातडीला दिवसभर चिकटलेला चालायचा. तिचं बोट चालत नसे. मध्ये इस्त्री फिरते आणि हात पुसला जातो, असं काहीतरी त्यांचं गणित असावं. मग माप घ्यायचं कसं? त्यासाठी पडदा होता. भिंतीवर पांढऱ्या कापडाचा मोठा पडदा, त्यावर निळ्या रेघांच्या चौकटी, एकेक चौकट दोन इंचांची. बाई पडद्यापुढे उभी राहायची, आधी समोरून, मग बाजूनं वळून, आणि मापवालीनं पट्टीच्या अलीकडून चौकटी मोजायच्या. तिला हे काम शिकवणारे मास्तर सांगायचे, पडदा थोडा खोटं बोलतो पोरी, कारण बाई त्याला चिकटून नसते, वीतभर पुढे असते. सहा चौकटींमागे अर्धी वजा कर. श्वास घेतलाय का सोडलाय ते बघ. पोट आत ओढलं असेल तर हवापाण्याबद्दल काहीतरी विचार. बोलायला लागली की सुटतं.

"आलात का आजी? वा वा. फार बरं वाटलं." मालकाचा नातू आतल्या खोलीतून हात जोडत आला. पन्नाशीला टेकलेला, गुळगुळीत दाढी, चांगल्या कापडाचा वाईट कोट. उजवा खांदा अर्धा इंच उतरता. आजोबांचाही असाच होता आणि तो भरायला मास्तर आत कापसाची पट्टी घालत. याच्या शिंप्यानं घातली नव्हती. दुकानाची येत्या रविवारी पंचाहत्तरी होती. त्यानं आठ दिवसांपूर्वी पत्र पाठवलं होतं, आज गाडी पाठवली होती आणि आता तो तिला दुकानातर्फे एक कोट शिवून देणार होता, रविवारी घालायला. त्याच कोटाचं हे माप. "मुलीनं घेतलं का व्यवस्थित? नाहीतर तुम्हीच सांगायचं तिला, काय? तुमच्यापुढे आम्ही कोण." मग तो पडद्याकडे वळला. पडदा धुऊन, खळ देऊन पुन्हा टांगला होता. बाजूला काचेच्या पाटीवर सोनेरी अक्षरं होती : हात न लावता माप – आमच्या दुकानाची खास कला. "रविवारी पाहुण्यांपैकी एखाद्या बाईंना इथे उभं करायचं," तो म्हणाला, "आणि तुम्ही तिथून, त्या पट्टीच्या तिथून, नुसत्या नजरेनं सगळी मापं सांगायची. मग आम्ही टेपनं मोजून दाखवू. लोक वेडे होतील हो. हे आता जगात कुणाला येत नाही."

तिनं पाटी पुन्हा वाचली. कला. खरं सांगायचं तर तिला राग यायच्या आधी एक क्षण बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचाच मग राग आला. ती होतीच की कला. अकरा वर्षांत तिची तीन मापं चुकली होती, त्यातली दोन गरोदर बायकांची, ज्यांना स्वतःलाच अजून पत्ता नव्हता. पण आंधळ्याचे कान तिखट होतात म्हणून कुणी डोळे फोडल्याचा सत्कार करतं का? हे तिला बोलायचं होतं, पण बोलायला गेलं की शब्द तोंडात टाचण्यांसारखे धरावे लागतात, एकेक काढून टोचावा लागतो, आणि तिला घाई नव्हती. ती काठी टेकत खोलीत फिरू लागली. कापायचं टेबल गेलं होतं. मागल्या गल्लीतलं दार, ज्यातून ती आणि मास्तर आत येत, तिथे थंड हवेचं यंत्र बसवलं होतं. मघाशी गाडीतून उतरल्यावर तिचे पाय आपसूक त्या गल्लीकडे वळले होते आणि ड्रायव्हरनं "आजी, इकडून, इकडून" म्हणत तिला पुढच्या दाराकडे नेलं होतं. तेव्हाही तिला स्वतःच्या पायांचा संताप आला होता. अठ्ठावन्न वर्षं झाली राज्य पालटून. डोक्याला कळलं, पायांना कोण सांगणार?

कोपऱ्यात काचेचं कपाट होतं आणि कपाटात तो कोट होता.

तिनं तो पाठमोराच ओळखला. राखी कापड, पितळी गुंड्या, खांद्यावर पट्टा. गार्डांचा कोट. असे दोनशे चाळीस शिवले होते. खाली कार्ड होतं आणि अक्षर बारीक होतं, म्हणून तिनं मुलीला वाचायला सांगितलं. मुलगी शाळेत धडा वाचावा तशी वाचू लागली : "धामधुमीच्या वर्षातील गार्डाचा कोट. दुर्मीळ नमुना. या तुकडीतील कोटांच्या मुंढ्यात दोष राहून गेला, कारण दुकानाच्या तत्कालीन कटिंग मास्तरांची दृष्टी अधू झाली होती. तरीही दुकानाने त्यांना अखेरपर्यंत मायेने सांभाळले." "पुन्हा वाच," ती म्हणाली. मुलीनं पुन्हा वाचलं. "अखेरपर्यंत," ती म्हणाली. "हो आजी, मायेने." मालकाचा नातू मागून म्हणाला, "बाबांनी सांगितलेलं आहे ते सगळं. मास्तर म्हणजे घरच्यासारखेच होते म्हणे."

घरच्यासारखे. मास्तरांना या घरात पाणी वेगळ्या लोट्यातून मिळायचं आणि तो लोटा बाहेर नळाखाली असायचा. उंच, वाकलेले, कानावर खडू, गळ्यात कधीच न वापरता येणारी टेप, शोभेच्या माळेसारखी. बोलणं कमी आणि त्यातलं निम्मं टोमण्यात. ती बाराव्या वर्षी त्यांच्या हाताखाली आली, कारण तिची आई याच दुकानात काज-बटणं करता करता खोकून मेली आणि रिकाम्या स्टुलावर कुणीतरी बसायला हवं होतं. पहिले सहा महिने मास्तरांनी तिला सुई दिलीच नाही. खिडकीशी बसवलं आणि रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांचे खांदे विचारत राहिले. हा? साडेसतरा. गाढव. सव्वासतरा, त्यानं शाल घेतलीय. ही? पंधरा. बरोबर, पण कुबड विसरलीस. ती रडायला लागली की म्हणत, रड, पण डोळे पुसून रड, ओल्या डोळ्यांना पाव इंच जास्त दिसतं. त्या खिडकीत आता एक बिनडोक्याचा पुतळा झगा घालून उभा होता. त्याची छाती छत्तीस, कंबर चोवीस. असली बाई तिनं उभ्या जन्मात मोजली नव्हती.

आणि मग ते वर्ष. लोक अजून त्याला तेवढंच म्हणतात, ते वर्ष. वर्षभर आधीपासून हवेत कसला तरी जळका वास होता, इस्त्री कापडावर जरा जास्त टेकली की येतो तसा. वस्तीत पत्रकं फिरत होती. पास जाळायचे असं ठरत होतं, मोडत होतं, पुन्हा ठरत होतं. तिच्या दादाला पुलावर अडवलं, पासावरचा शिक्का पुसट होता म्हणून. दादा म्हणाला, साहेब, घामानं पुसला, खिशात असतो. यात उद्धटपणा काय होता ते तिला आजतागायत कळलं नाही. गार्डानं दांडका वर नेला आणि खाली आणला. ती पाच माणसं मागे रांगेत होती. दादाच्या डोक्यावर तो किती वेळा आला हे तिनं मोजलं नाही, पण डोळ्यांनी, या हरामखोर डोळ्यांनी, दुसरंच मोजलं : हात खांद्याच्या वर दीड वीत जातो, कोपर कानाच्या मागे, कोट जागचा हलत नाही. चांगला शिवलाय. मुंढा, बाही जोडायची ती गोलाई, उंच आहे, बगलेत घट्ट बसलाय, म्हणून हात मोकळा फिरतो. मास्तरांचंच काम. दादा जगला, पण त्यानंतर त्याला वेळ कळेनासा झाला. सकाळी जेवून उठला की जेवायला मागायचा. त्याला भरवताना तिच्या मनात तो मुंढा फिरत राहायचा, रात्रंदिवस. आपण शिवतो, ते घालतात, आणि हात मोकळा फिरतो.

दोन महिन्यांनी दुकानाला नवीन कोटांचं काम आलं. गार्ड वाढवले होते. मालक, म्हणजे याचे आजोबा, खुशीत होते. मास्तरांनी खिळ्यावरून जुना फर्मा काढला, त्या पुठ्ठ्याच्या फर्म्यावरून खडूनं आखून कापडाची थप्पीच्या थप्पी कापायची असते, आणि टेबलावर ठेवून ते जेवायच्या सुट्टीत हातपाय धुवायला गेले. ती उठली. आधी काहीच ठरवलं नव्हतं, हे ती देवाशप्पथ सांगेल. हातानंच नवा पुठ्ठा ओढला. शिंपीकाम न येणाऱ्याला वाटतं, मुंढा खोल केला, बगलेत सैल सोडला, की हात मोकळा होतो. उलट असतं. मुंढा जितका खाली, तितका हात वर नेताना आख्खा कोट हाताला लोंबकळतो. तिनं मुंढा सव्वा इंच खाली उतरवला. बाहीचा माथा पाऊण इंच चढवला. त्यानं हात खाली असताना बाही सुरेख पडते, एक चुणी नाही, आणि वर नेला की अडते. पुतळ्यासाठी शिवावा तसा कोट. उभं राहायला झकास. मग तिनं जुना फर्मा चुलीत घातला, जिच्यावर इस्त्रीचे कोळसे पेटवत, आणि नवा टेबलावर ठेवून स्टुलावर येऊन काज करत बसली. सुई हातात होती, पण बोटांना सुईचं टोक कुठलं ते समजत नव्हतं.

मास्तर आले. पुठ्ठ्यावर हात ठेवला आणि थांबले. त्यांना बघावं लागलं नाही. अंगठा मुंढ्याच्या वळणावरून फिरला, मग बाहीच्या माथ्यावरून. "हा पुठ्ठा कुणी आणला?" "जुना उंदरांनी कुरतडला मास्तर." "अच्छा." बराच वेळ त्यांनी खडूला टोक काढलं. "उंदीर शिकलेला दिसतोय," ते म्हणाले. "माथासुद्धा वाढवलाय त्यानं." तिनं मान वर केली नाही. "पण कच्चा आहे. मुंढा एवढा उतरवला तर पाठ ओढणार, आणि ट्रायललाच साहेब विचारणार, काय रे, हे मागे काय ताणतंय? पाठीत पाव इंच जास्त सोडायला हवं. मग कुणाच्या बापाला कळत नाही." आणि त्यांनी खडूनं पाठीच्या रेघेला पाव इंच जोडला, हलक्या हातानं, एका ओढीत. तेवढंच. पुढे त्या विषयावर दोघं कधी बोलले नाहीत. नऊ आठवडे मास्तर कापत होते, ती आणि आणखी चार बायका शिवत होत्या, आणि बाकीच्या चौघींना पत्ता नव्हता. ट्रायलला गार्डांचा मोठा साहेब आला, कोट घालून आरशापुढे ताठ उभा राहिला, म्हणाला, वा, अगदी पुतळ्यासारखा बसलाय. मास्तरांनी खाली बघून सांगितलं, साहेब, आपली उभं राहायची ढबच तशी. ती मागे टाचण्यांची डबी घेऊन उभी होती. तिला आतून जे हसू फुटलं ते तिनं दातांत धरलेल्या टाचण्यांवर चावलं. त्यातल्या एकीची खूण अजून तिच्या खालच्या ओठावर आहे.

पूल ओलांडायचा दिवस उजाडला तेव्हा ती तिसऱ्या रांगेत होती. पास खिशात नव्हता. कुणाच्याच नव्हता, सगळ्यांचे आदल्या दिवशी मैदानात जळले होते. पलीकडून राखी कोटांची भिंत आली. साहेबानं हात खाली केला आणि दांडके वर गेले. म्हणजे जायला लागले. आणि तिनं पाहिलं. आयुष्यभरात जे काही पाहिलं त्यात हे पहिलं. कोट वर आले. सगळ्यांचे, एकदम, गुडघ्यांवरून कमरेवर. कॉलरी हनुवटीखाली घुसल्या, पट्टे कानांना लागले, दांडके खांद्याच्या उंचीला येऊन थबकले, जशी काही प्रत्येकाच्या बगलेत कुणीतरी हात घालून धरलंय. तिच्यापुढचा गार्ड लाल तोंडानं हिसके देत होता आणि ती हसली. मोठ्यानं हसली. शेजारच्या बाईला वाटलं, हिचं डोकं फिरलं. तेवढ्यात त्यानं गुंड्या तोडून एक हात सोडवला आणि दांडका तिच्या खांद्यावर आला. डोक्यावर आला असता तो खांद्यावर आला. तिच्या गळपट्टीचं हाड मोडलं. किती डोकी वाचली त्या सव्वा इंचानं? कोण सांगणार. थोड्याच वेळात त्यांनी कोट काढून फेकले आणि नुसत्या शर्टांत मारायला लागले, आणि मेले ते मेलेच, सतरा माणसं. पण तोवर पहिल्या रांगा पूल ओलांडून या अंगाला आल्या होत्या, आणि आलेलं माणूस पुन्हा मोजून परत पाठवता येत नाही. मास्तर म्हणाले असते, उंदीर कच्चा, पण काम बरं केलं.

मास्तर काहीच म्हणाले नाहीत. पंधरा दिवसांनी चौकशी आली. राज्य अजून पालटायचं होतं, त्याला आणखी चार महिने होते. टेबलावर कोट आपटून मोठा साहेब विचारत होता, हे काय आहे? मालक घामाघूम. ती गळ्यात हात बांधून स्टुलावर होती आणि तिचं तोंड उघडत होतं, हे तिला पक्कं आठवतं, ओठ सुटे झाले होते. तेव्हा मास्तर म्हणाले, साहेब, वर्षभर मला दिसत नाही. नोकरी जाईल म्हणून बोललो नाही. रेघ दोन-दोन दिसते. त्यांनी हात पुढे करून टेबल चाचपलं, इतकं बेमालूम, की तिला क्षणभर खरं वाटलं. त्यांना त्याच दिवशी मागल्या दारातून घालवलं, दोन कानाखाली देऊन. तुरुंगात टाकलं नाही, कारण आंधळ्याला कोण टाकणार. जाताना तिच्या स्टुलाशी अडखळल्यासारखं करून ते म्हणाले, "तोंड शिव. दुहेरी टाका." राज्य पालटलं, पुलावरची चौकी लोकांनी हातानं पाडली, ज्यानं त्यानं आपापली गोष्ट सांगितली. ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांनी जरा जास्त सांगितली. मास्तर घरी बसून होते. आंधळा मास्तर, कापड बिघडवणारा मास्तर. वस्तीतलं कुणी त्यांच्याकडे चोळीचा तुकडाही नेईना. ती जायची, म्हणायची, आता सांगू द्या ना. ते म्हणायचे, कुणाला? ज्यांना शिंपीकाम कळत नाही त्यांना? तीन वर्षांनी गेले. आणि ती गप्प राहिली, त्यांनी सांगितलं म्हणून, असं ती स्वतःला सांगत आली. पण खरी गोष्ट ही होती की दुकानात नवा कटिंग मास्तर म्हणून मालकानं तिलाच उभं केलं होतं आणि तिला ते टेबल आवडत होतं. तोंड एकदा शिवलं की टाका कातडीत मुरतो. मग उसवायला गेलं तर रक्त येतं.

"आजी, बसा ना. चहा सांगू?" मालकाचा नातू म्हणाला. ती वळली. "ते कार्ड बदल," ती म्हणाली. "कुठलं?" "मास्तरांना दिसत होतं. माझ्यापेक्षा चांगलं. मुंढा आम्ही मुद्दाम उतरवला. गार्डांचे हात अडावे म्हणून. मी आखला, त्यांनी कापला." मुलगी आधी मालकाच्या नातवाकडे, मग कोटाकडे बघू लागली. तो हसला, पण हसू अर्ध्यात सोडून दिलं. "आजी, इतक्या वर्षांनी आठवणी जरा… म्हणजे माझ्या आईचंही असंच व्हायचं." "तुझ्या आईचं माप मी घेतलंय. आठवणीला पक्की होती ती." "बरं, समजा खरं असेल. पण लिहिणार काय? दुकानानं गिऱ्हाइकाला फसवलं? पंचाहत्तर वर्षांचं नाव आहे. चूक माणूस समजून घेतो हो. फसवणूक नाही घेत." "गार्डांना शिवून दिलेलं चालतं, ते काचेत ठेवतोस." "ते इतिहास आहे." "आणि हा?" त्यानं काचेवरचा डाग रुमालानं पुसला. मग मऊ आवाजात म्हणाला, "रविवार होऊन जाऊ दे. तुम्ही माप घेऊन दाखवा, लोक टाळ्या वाजवू देत. नंतर आपण निवांत बसू. शिवाय पुरावा काय आजी? तुम्ही आणि तुमचा शब्द."

पुरावा. ती कपाटाशी गेली. "काढ तो." "अहो, जुना आहे, विरलाय…" "काढ." आवाज मोठा नव्हता. मुलगीच पुढे झाली आणि त्याला विचारायच्या आत तिनं काच सरकवली. कोटाला कापराचा आणि लोखंडाचा वास होता. मापवालीनं तो दोन्ही हातांत तोलला, खांदा चाचपला. "एकोणचाळीस छाती. तुला येईल. काढ तुझा अंगातला, आणि घाल हा." "मी?" "दुकान तुझं, कोट तुझा. लाज कसली?" मुलगी हसू दाबत होती. तो थोडा मुलीपुढे, थोडा या म्हातारीच्या चेहऱ्यापुढे अडकला, आणि त्यानं कोट बदलला. छान बसला. खरंच छान. एक चुणी नाही, आणि आरशात बघताना तो नकळत ताठ झाला. "अगदी पुतळ्यासारखा," ती म्हणाली. मग ती पितळी पट्टीवरून पलीकडे गेली. पाय न अडखळता गेले. तिनं मुलीच्या गळ्यातली टेप काढून घेतली, त्याच्या पाठीमागे उभी राहिली आणि त्याच्या खांद्यांवर आपले दोन्ही हात ठेवले, सपाट, तळव्यांसकट. खांदे उबदार होते. अकरा वर्षं ज्या अंगाला बोट लावलं नव्हतं, ते इतकं साधं होतं. हाडं, मांस, थोडा घाम. तिनं घाई केली नाही. टेप ताणून पाठ मोजली. तो अवघडून म्हणाला, "आजी, रविवारी हे नजरेनं करायचं." "रविवारी मी करणार नाही. आज बघ. ही काठी धर. आता वर ने. मारायला नेतात तशी." "आजी…" "ने."

त्यानं काठी उचलली. कोट त्याच्याबरोबर वर आला. कॉलर गळ्यात रुतली, पट्टा कानाला लागला आणि हात खांद्याशी येऊन अडला. त्यानं एक हिसका दिला. नाही. दुसरा दिला. त्याचं तोंड लाल झालं, आणि आरशात त्यानं स्वतःला बघितलं : राखी कोट, उगारलेली काठी, आणि हात जिथल्या तिथे बांधलेला. काठी खाली आली, पण तोंडावरचा रंग उतरला नाही. "एवढं चुकलं," ती म्हणाली, "तरी नुसतं उभं असताना एक चुणी पडत नाही. का? पाठीत पाव इंच जास्त आहे. मुंढ्याची चूक पाठीनं झाकलीय. तीन चुका आहेत पोरा, आणि तिन्ही एकमेकींना ओळखतात. आंधळ्याच्या चुका एकमेकींना ओळखत नाहीत." मुलगी पुढे आली. तिनं त्याच्या पाठीवरची शिवण दोन बोटांत धरली, मुंढ्याशी गेली, पुन्हा पाठीशी आली. शिकलेली होती पोरगी, कुठेतरी शिकलेली होती. "खरंय सर," ती हळूच म्हणाली. "हे चुकून होत नाही."

तो कोट काढायला गेला. "थांब," मापवाली म्हणाली. "सुई दे ग. पांढरा दोरा, दुहेरी." मुलीनं सुई ओवून दिली, कारण मापवालीच्या डोळ्यांना सगळं दिसायचं, फक्त सुईचं भोक दिसेनासं झालं होतं. तिनं त्याची बाही सरळ केली आणि मुंढा जिथे असायला हवा होता तिथे, बगलेपासून वर, राखी कापडावर पांढरा टाका घातला. मग दुसरा. टाके सरळ पडत होते. "हे काय करताय?" "रेघ घालतेय. खरी रेघ कुठे होती ते लोकांना दिसू दे. हिच्यापासून खाली सव्वा इंच मोजलं की शिवण. ज्याला शिंपीकाम कळतं तो वाचेल. ज्याला कळत नाही त्याच्यासाठी तू कार्ड लिही." "आणि नाही लिहिलं तर?" त्यानं विचारलं, पण मघासारखं नाही, खरंच विचारलं. "तर मी रविवारी पुढच्या दारानं येईन, त्या पट्टीवर उभी राहीन आणि माप सांगायच्या जागी हे सांगेन. टाळ्या काय, त्यालाही वाजवतील." त्यानं खांदा हलवला. "हलू नकोस," ती दातांत दोरा धरून म्हणाली. "सुई लागेल."

तो हलला नाही.